फणशांच्या घरातली लाल पट्टी

इंदूरच्या रामबागेतल्या फणशांच्या घरात हल्ली कॉफी मिळते. ज्या ओट्यावर पूर्वी भजनी मंडळी चपला काढून आपली पाळी येण्याची वाट बघत बसायची, तिथे आता लोखंडी खुर्च्या आहेत. आतल्या मोठ्या खोलीच्या भिंतींवर अंड्यांचे कागदी ट्रे रंगवून चिकटवले आहेत आणि काउंटरवर एक जुना, दोन रिळांचा टेपरेकॉर्डर शोभेला ठेवला आहे. मेनूकार्डाच्या मागच्या पानावर हिंदीत 'इस घर की कहानी' छापली आहे. होळकरांच्या काळात दफ्तराचं काम बघणाऱ्या एका गृहस्थांनी हे घर बांधलं, पुढे त्यांच्या नातीने इथे रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवला, इथपर्यंत सगळं बरोबर आहे. मग लिहिलं आहे, "और एक दिन मैडम से गलत बटन दब गया। एक लोकगायिका की आवाज़ हमेशा के लिए गायब, और स्टुडियो बंद! घबराइए मत, आपका ऑर्डर हम नहीं मिटाएँगे।" खाली एका पेयाचं नाव आहे : इरेज कोल्ड कॉफी.

त्यातली मॅडम म्हणजे सुलभाताई फणसे. ती गोष्ट जशी छापली आहे तशी घडली नाही. कशी घडली ते माहीत असलेला मी एकटा होतो, आणि पंचेचाळीस वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही. आता शहात्तरावं चालू आहे. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

मी त्या स्टुडिओत सात वर्षं होतो. बुकिंग घ्यायचं, जाहिरातींचा मजकूर लिहायचा, गरज पडली तर तो वाचायचा. सुलभाताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. विज्ञानाच्या पदवीधर, लग्न न केलेल्या, आणि मशीनपुढे बसल्या की कोणाच्याही न राहणाऱ्या. त्या काळी इंदूरात बाईने रेकॉर्डिंग करायचं म्हणजे लोक दारातूनच विचारायचे, "साब कहाँ हैं?" ताई म्हणायच्या, "साब अंदर बैठे हैं, आइए," आणि आत जाऊन स्वतःच हेडफोन चढवायच्या.

घराच्या भिंती दोन हात जाड, वर लाकडी तक्तपोशी. शिवाय ताईंनी घरातल्या सगळ्या रजया भिंतींना टांगल्या होत्या. थंडीत पाहुणे आले की एखादी रजई काढून द्यावी लागे, आणि मग दुसऱ्या दिवशी ताई सांगायच्या, "आज तबला जरा उघडा वाटतोय. मावशी गेल्या की ती निळी रजई परत लावा."

त्यांचे कान हा आमच्याकडे एक करमणुकीचा विषय होता. गल्लीतून भाजीचा ठेला गेला की त्या आतून ओरडायच्या, "भिया, पिछले पहिये में तेल डालो!" पोह्यांची फोडणी पडली की तेल कच्चं आहे की तापलंय ते त्या पुढच्या खोलीतून सांगत. माझ्या चपलांवरून माझा मूड ओळखत. "डोळ्यांना पापण्या दिल्यात देवाने, कानांना नाही दिल्या," असं म्हणत. "म्हणजे बंद करायचा अधिकार आपल्याला नाही."

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, घड्याळ बंद, आणि गाणाऱ्याच्या अंगावर वाजणारं जे काही असेल ते बाहेरच्या परातीत. त्या परातीत मी बांगड्या, किल्ल्या, चिल्लर पाहिली आहे; एका कीर्तनकारबुवांची कवळीसुद्धा. ती 'स' म्हणताना शिटी मारायची. बुवा चिडले. ताई म्हणाल्या, "बुवा, एकदा काढून म्हणून बघा. तुमच्या खऱ्या तोंडाचा आवाज देवाने बऱ्याच दिवसांत ऐकला नसेल." बुवा हसले आणि त्यांनी कवळी काढली. अभंग बोबडा उतरला, पण शिटी गेली. पुढे बुवा तेच रेकॉर्डिंग लोकांना अभिमानाने ऐकवत.

निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी प्रचाराचं भाषण टेप करायला आला. माइक समोर दिसताच त्याने अशी गर्जना केली की मशीनचा काटा शेवटाला जाऊन आपटला. ताईंनी मशीन थांबवलं.

"भाईसाब, घर में पत्नी से कैसे बोलते हैं?"

तो ओशाळून म्हणाला, "उससे तो मैडम, डर के बोलता हूँ।"

"बस, वैसे ही बोलिए। जनता से भी थोड़ा डरिए।"

तो माणूस निवडून आला. आभार मानायला जलेबी घेऊन आला तेव्हा ताई मला हळूच म्हणाल्या, "पेठकर, आता बघा, हा पहिल्यासारखाच ओरडणार."

आता त्यांच्या कामाच्या दोन पद्धती सांगायला हव्यात, कारण सगळं त्यांच्यावरच येतं.

पहिली पद्धत पट्टीची. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला त्या पांढरी पट्टी जोडत आणि शेवटाला लाल. रेकॉर्डिंग संपलं की टेप उलटी गुंडाळायची नाही, तशीच ठेवायची, म्हणजे रिळाच्या बाहेर लाल टोक दिसतं. लाल दिसलं की आत काहीतरी आहे, हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाला नक्कल देऊन झाली, मूळ टेपचं काम संपलं, की ती उलटी गुंडाळायची. मग पांढरं टोक बाहेर येतं, आणि त्या टेपवर नवं रेकॉर्डिंग करायला हरकत नाही. डब्यावरच्या चिठ्ठ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. इंदूरच्या उन्हाळ्यात डिंक वाळून चिठ्ठ्या गळून पडत. पट्टी मात्र खोटं बोलत नसे.

दुसरी पद्धत जरा विचित्र होती. केलेलं रेकॉर्डिंग त्या त्याच दिवशी ऐकत नसत. "लोणचं आहे ते. दोन दिवस मुरू द्या. आज ऐकलं तर आपली मेहनतच ऐकू येते, गाणं नाही." हेडफोनमधून येतं ते वेगळं आणि टेपवर उतरतं ते वेगळं, आणि ते ताज्या कानांनीच कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

एका शनिवारी धापूबाई आल्या. गौतमपुऱ्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या, सत्तरीच्या पुढच्या. लग्नाची, पाळण्याची, शेतातली अशी जुनी माळवी गाणी त्यांना येत आणि त्यातली कित्येक दुसऱ्या कोणाला येत नव्हती. ताई त्यांच्यासाठी तीनदा त्या गावाला जाऊन आल्या होत्या. तिसऱ्या वेळी धापूबाईंच्या मुलाने, भेरूलालने, आईला बसमध्ये बसवून आणण्याचं कबूल केलं.

धापूबाईंच्या हातांत चांदीची जाड कडी होती. सांधे सुजलेले, त्यामुळे कडी निघेनात. ताईंनी जुन्या सुती पातळाच्या पट्ट्या फाडून ती कडी नीट गुंडाळली. धापूबाई गायला लागल्या. मांडीवर हात मारून ठेका धरला, पण दोन ओळींनंतर थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. मग हात पुढे करून म्हणाल्या, "बाई, यो खोल दे। इनके बिना म्हारे गीत याद नी आवे।"

सात वर्षांत मी पहिल्यांदाच ताईंना विचारात पडलेलं पाहिलं. ज्या घरात घड्याळालाही बोलायची परवानगी नव्हती, तिथे ही कडी वाजणार. त्यांनी खाली बसून एक एक पट्टी सोडवली. माइक थोडा वर घेतला, थोडा तिरका केला, पुन्हा खाली आणला. मग मशीन चालू झालं, आणि धापूबाई तासभर गायल्या.

त्या गेल्यावर ताईंनी लाल पट्टी बाहेर ठेवून रीळ डब्यात घातलं, डब्यावर नाव लिहिलं आणि कपाटात ठेवलं. नक्कल काढायचं दुसरं मशीन दुरुस्तीला गेलेलं होतं. "सोमवारी ऐकू," त्या म्हणाल्या. "कडी कशी आलीत कोण जाणे. गाण्यावर चढून बसली असतील तर मेले मी."

आता माझं.

मला त्या वेळी भोपाळच्या एका सरकारी खात्यात प्रसिद्धीच्या कामाची नोकरी हवी होती. त्या खात्यातले एक साहेब रविवारी इंदूरात होते. मी त्यांना दुपारी स्टुडिओ दाखवायला आणलं. ताई रविवारी आत्याकडे देवासला जात. किल्ली माझ्याकडे असे. साहेबांवर छाप पाडायची म्हणून मी कपाटातून धापूबाईंचं रीळ काढलं, सुरुवातीपर्यंत मागे फिरवलं आणि लावलं. टेप संपल्यावर मी ती पुन्हा उलटी गुंडाळली. का गुंडाळली? मला पसारा आवडत नाही म्हणून. काम झालं की वस्तू पहिल्यासारखी करून ठेवावी, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. आमच्याकडे 'पहिल्यासारखी' म्हणजे न गुंडाळलेली, लाल टोक बाहेर असलेली, हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. साहेबांना बसस्टँडवर सोडायची घाई होती. रीळ मशीनशेजारी टेबलावर राहिलं, डबा कपाटात. बाहेर पांढरी पट्टी.

सोमवारी सकाळी मी साहेबांना अर्ज लिहीत घरी बसलो आणि उशिरा पोचलो. तोवर एक भजनी मंडळ येऊन बसलेलं, त्यांना गाडी गाठायची होती, लाइट जा-ये करत होती. ताईंना टेबलावर पांढऱ्या पट्टीचं रीळ दिसलं. नव्या रेकॉर्डिंगआधी टेपचं पहिलं अर्धं मिनिट ऐकून बघायचं, हा त्यांचाच नियम. त्या दिवशी त्यांनी तो पाळला नाही. मी दारातून आत शिरलो तेव्हा टाळ-मृदंग चालू होते आणि रीळ फिरत होतं.

मला तेव्हाच कळलं. ताईंना दोन तासांनी कळलं, धापूबाईंचं ऐकायला म्हणून त्यांनी कपाटातला डबा उघडला तेव्हा. डबा रिकामा होता. मग मला विचारलं, "पेठकर, शनिवारी मी हे गुंडाळलं का हो?"

मी म्हणालो, "लक्षात नाही, ताई."

एवढंच बोललो. ते वाक्य मी आजवर किती वेळा मनातल्या मनात दुरुस्त केलंय, त्याला गणती नाही.

ताईंनी धापूबाईंना पुन्हा बोलवायचं ठरवलं होतं, पण महिन्याच्या आत भेरूलाल एकटाच आला. आई गेली होती. तेराव्याला नातेवाईक जमणार, त्यांना तिचा आवाज ऐकवावा म्हणून तो टेप मागायला आला होता. ओट्यावर उभं राहूनच ताईंनी त्याला हात जोडले. "भाई, मेरे हाथ से मिट गई।"

भेरूलालला आधी समजलंच नाही. समजल्यावर त्याने डोक्यावरचा पंचा काढला, पुन्हा बांधला आणि म्हणाला, "कोई वात नी, बाई। वा भी तो चली गी।" मी दाराशी उभा होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता.

गावात गोष्ट पसरली. गाणारे लोक फार बोलतात. "संभल के भिया, वहाँ मैडम मिटा देती हैं," असं ऐकू यायला लागलं. पण स्टुडिओ त्यामुळे बंद पडला नाही, तो ताईंनी बंद केला. मला म्हणाल्या, "ज्या हाताने काय केलं ते त्या हातालाच आठवत नाही, त्याने बटण दाबू नये." मला भोपाळची नोकरी लागली होती. ताईंनी मला निरोप द्यायला घरी श्रीखंड केलं होतं.

त्यानंतर ते घर काय काय झालं ते मी सुट्टीत यायचो तेव्हा बघत गेलो. ताई मागच्या दोन खोल्यांत राहत आणि पुढचा भाग भाड्याने देत. आधी टायपिंगचा क्लास आला. ताई सांगायच्या, "तीन नंबरच्या मशीनवर बसते ती मुलगी पास होईल. तिचा ठेका पक्का आहे." मग इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांचा कोचिंग क्लास. तिथले भौतिकशास्त्राचे सर ध्वनीचा धडा शिकवताना काहीतरी चुकले, ते ताईंनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि चिठ्ठी पाठवली. सर भले माणूस. त्यांनी वर्गात चिठ्ठी वाचून दाखवली आणि ताईंना धडा घ्यायला बोलावलं. पुढे चार वर्षं तो एक धडा ताईच घेत. मुलं त्यांना 'दीवार वाली मैडम' म्हणत. त्यातला एक मुलगा आता सिमरोलच्या बाजूला मोठ्या संस्थेत शिकवतो आणि दिवाळीला त्यांना भेटायला यायचा.

मग साड्यांचं गोदाम आलं. मला वाटलं, ताईंना वाईट वाटत असेल. मी भेटायला गेलो तर त्या मला हाताला धरून साड्यांच्या छतापर्यंत रचलेल्या गठ्ठ्यांमध्ये घेऊन गेल्या. "बोला काहीतरी. बोला! बघा, आवाज कसा बसतो. अहो, ही अशी खोली मला तेव्हा मिळाली असती तर!" त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार शोधूनही सापडली नाही. मी मात्र दर वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

निवृत्तीनंतर मी इंदूरच्याच सुदामा नगरात राहायला आलो. दीडेक वर्षापूर्वी कॅफे सुरू झाला. तो चालवणारा रोहित हा हसतमुख, बोलका मुलगा. ताईंना 'आज्जी' म्हणतो आणि त्यांना विचारल्याशिवाय गाणी लावत नाही. त्यानेच मला कौतुकाने मेनूकार्ड दाखवलं. मी मागचं पान वाचलं. शेजारच्या टेबलावरची मुलं ते मोठ्याने वाचून हसत होती. ताई चार हातांवर काउंटरपाशी बसलेल्या, आणि त्यांच्या कानांना पापण्या नव्हत्या.

त्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. साहेब, रविवार, किल्ली, पांढरी पट्टी. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. टेप ऐकताना मिटत तसेच. माझं संपल्यावर त्यांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला.

"म्हणजे मी गुंडाळलं नव्हतं."

"नाही, ताई."

"मला वाटायचं, मी थकले होते तेव्हा. थकव्यात केलं असेल." मग म्हणाल्या, "पण ऐकल्याशिवाय बटण दाबलं ते मीच. त्यात तुमचा वाटा नाही, पेठकर. तो मागू नका."

मी काही बोलणार तेवढ्यात त्या एकदम पुढे वाकल्या. त्यांचा चेहरा बदलला होता. तो स्टुडिओतल्या त्या सात वर्षांतला, माझ्या ओळखीचा चेहरा होता.

"थांबा. म्हणजे तुम्ही ती टेप ऐकलीत! मी ऐकलीच नाही ना कधी. कडी कशी आली होती? गाण्यावर चढत होती का?"

पंचेचाळीस वर्षांत मी पुष्कळ उत्तरं तयार करून ठेवली होती. या प्रश्नाचं नव्हतं. 'फार सुंदर आली होती' असं म्हणणं सोपं होतं. ओठांवर आलंही होतं.

"ताई, मी ऐकलं नाही. टेप चालू होती आणि मी साहेबांशी बोलत होतो. माझ्याविषयी."

"आणि साहेब?"

"साहेब पोहे खात होते."

ताई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की रोहित पाणी घेऊन आला. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे तासभर ती बाई गात होती आणि कोणीच... अहो, निदान सेव तरी कमी घालायची पोह्यांवर. कुरकुर झाली असेल नुसती!" मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं, आणि पुसलेले डोळे पुन्हा पुसावे लागले. त्या वेळी मी मान खाली घातली.

मेनूकार्डावरची गोष्ट मी बदलून घेतो, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "माझं राहू दे. त्या पोराने 'लोकगायिका' एवढंच लिहिलंय, ते बदला. तिला नाव होतं."

मी तिथेच रोहितशी बोललो. पुढच्या छपाईत त्याने धापूबाईंचं नाव घातलं. आता पान उघडलं की ते दिसतं. माझंही नाव घाल, चूक कोणाची ते लिही, असं मी म्हटलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, "काका, इतनी लंबी स्टोरी मेनू पे नी आती. और कोल्ड कॉफी का नाम मत बदलवाना भिया, सबसे ज्यादा वही चलती है." म्हणून हे इथे लिहिलं. भेरूलालच्या गावी जाऊन आलो. तो नाही आता. त्याच्या मुलाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा दिला.

ताई त्या संध्याकाळनंतर चारच महिन्यांनी गेल्या. मधल्या काळात मी आजारी होतो, भेट झाली नाही; भेरूलालच्या गावीही नंतरच गेलो. त्यामुळे माझ्याजवळची त्यांची शेवटची आठवण त्याच संध्याकाळची आहे. मी निरोप घेऊन ओट्यावर आलो आणि जुन्या सवयीने काढून ठेवलेल्या चपला घालताना आत वळून पाहिलं. ताई खुर्चीवरून उठून काउंटरकडे गेल्या होत्या. शोभेचं ते मशीन ताईंचंच; त्यावरच्या रिळाचं पांढरं टोक बाहेर लोंबत होतं. सजवणाऱ्याला कुठलं काय कळणार. एक हात काउंटरवर टेकून ताई दुसऱ्या हाताच्या बोटाने ते रीळ फिरवत होत्या. मशीनला वीज नव्हती, सगळं हातानेच. कॅफे भरलेला होता, कोणाचं लक्ष नव्हतं. रोहित म्हणाला, "आज्जी, मैं कर दूँ?" त्यांनी नुसती मान हलवली. टेप एका रिळावरून दुसऱ्यावर अगदी सावकाश जात होती. मी एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत तिथेच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने लाल पट्टी बाहेर आली. ताईंनी तिचं टोक अंगठ्याने दाबून नीट बसवलं आणि हात पदराला पुसला.